केरोजी नाईक शेवटी जेवले त्याची हकीकत

श्रीगणराय प्रसन्न असोत, सांगणाराचे स्मरण शाबूत असो आणि ऐकणारे जेवूनखाऊन बसलेले असोत, कारण ही हकीकत उपाशीपोटी ऐकण्याजोगी नव्हे. शके सोळाशे सत्त्याण्णव, मन्मथनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी, एका राज्याचे सरहद्दीवर, राज्याचे नाव पुसू नये, एक घाट होता आणि त्याचे रखवालीस सरकारी फौज नव्हती. बारा गावचे गडी आपखुशीने, बिनपगारी, घरचा भाला घेऊन येत, आणि त्यांचे नाईक केरोजी भिंताडे होते. नाईक देहाने थोर, आवाजाने थोर आणि भुकेने तर फारच थोर.

त्या साली परमुलखाचे तीनशे स्वार घाटाखाली आले, आणि नाईकांनी शिंग फुंकोन दोनशे गडी जमविले, आणि बोकड कापविले, आणि मग रश्श्याचा वास सुटताच नाईकांस धीर धरवेना, म्हणोन अवघ्यांआधी आपणच बसले आणि कलेजी फस्त केली आणि भाकरी सात जाहल्या, आणि आठवी मोडिली तो भिकू रांजणे नामे गडी उठोन गाठोडे बांधू लागला. नाईक पुसते जाहले, "कुठं निघालास रं?" भिकू बोलिला, "घरला. आधी जेवला तुमी, तर आधी लढा बी तुमीच." ऐसे बोलोन तो गावाकडील अंगाने घाट उतरू लागला आणि त्याचे मागे दोनशेही उतरू लागले, ज्यांस पगार नाही त्यांस अडवावे कशाने? वर उरले नाईक आणि आठवी भाकर, खाली तीनशे स्वार. मग नाईकांस बहुत लाज वाटली. त्यांणी रश्श्याचा हंडा डोईवर घेतला आणि धावले आणि कान पोळले आणि ओरडले, "थांबा रं! गिळल्यालं परत येत न्हाई, पर हितनं फुडं नाईक शेवटाला जेवंल, घाटजाईची आण!" आणि वाटेतच स्वहस्ते अवघ्यांस वाढिले. गडी जेवले आणि परतले आणि उजाडताच ऐसे धोंडे लोटिले की स्वार आल्या वाटेने गेले.

मग राजदरबारी नाईकांचा गौरव जाहला आणि हुकूम जाहला की दसऱ्याचे पंगतीस पहिले पान केरोजींचे, त्यांणी घास घेतल्यावाचून कोणी जेवू नये. आता आली पंचाईत! नाईक घास घेईनात, पंगत जेवेना, भात निवाला, महाराज खोळंबले, मुदपाकखान्यातील मंडळी घाबरली. शेवटी नाईकांनी हात जोडून घाटजाईची आण कथिली, तेव्हा महाराज हासले आणि बोलिले, "नाईकांचे पान उचला आणि पार मशालजींचेही खाली मांडा." नाईक तेथे जेवले, आणि वाढपी दमले.

ऐसी बावीस वर्षे गेली आणि नाईक वारले. दहावे दिवशी नदीकाठी पिंड ठेविला, आणि जांभळीवर कावळा बसला होता, तो शिवेना. थोरले पुत्र आबाजी बोलिले, "घाटाची चौकी सोडणार न्हाई, बाबा." शिवेना. धाकटे सिदोजी बोलिले, "दादाशी भांडणार न्हाई." हे तर कावळ्यास मुळीच पटले नाही. ऊन माथ्यावर आले, बारा गावचे गडी उपाशी तिष्ठत राहिले, आणि पुत्रांस रडू आले की बापाचा जीव अडकला. भटजी दर्भाचा कावळा करू लागले. इतक्यात म्हातारा भिकू काठी टेकीत पुढे आला आणि बोलिला, "गडी उपाशी, आन् नाईक आधी कसा जेवंल? आणा भाकरी!" भटजी म्हणाले, "शास्त्रात नाही." भिकू म्हणाला, "घाटात हाय."

मग घरोघरची पिठले-भाकरी आली आणि अवघे वाळूत बसोन जेवले. शेवटी राहिला भिकू. त्यास दात नव्हते, म्हणोन तो घास घोळवीत बसला आणि कावळा त्याचेकडे पाहात बसला. भिकूने हात धुतला, डोळे पुसले आणि जांभळीकडे पाहोन म्हटले, "समदी जेवली, नाईक. या आता." आणि कावळा आला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. भिंताड्यांचे घरी ती मेल्यावरही गेली नाही. अद्यापि त्या कुळात गाव जेवल्यावाचून पिंड ठेवीत नाहीत. येणेप्रमाणे केरोजी नाईकांची हकीकत, ऐकिली तैसी लिहिली असे.