हाताला उरलेलं जेल

आमच्या ह्यांना राग यायचा बंद झाला, तेव्हा मी घाबरले.

तुम्ही म्हणाल, बाई, नशीब काढलंस. पण माझी अडचण समजून घ्या. ह्यांची खोडी काढायची आणि हे भडकले की तोंड फिरवून हसायचं, हा माझा लग्नापासूनचा धंदा. आता चहात मीठ घातलं तरी हे मुकाट प्यायले. वर म्हणाले, "बरा झालाय." शिलाई मशिनी दुरुस्त करणारा माणूस, टेबलावर मशिनी पोट उघडून पडलेल्या, आणि हा दिवसभर खुर्चीत. मग मी खोडी काढायची कुणाची, भिंतीची?

नेलं डॉक्टरीणबाईंकडे. रक्त तपासून त्या म्हणाल्या, "आजोबांचं टेस्टोस्टेरॉन फार कमी झालंय." (हा शब्द जिभेवर बसायला मला आठवडा लागला. मी चौथी पास, तीही बाईंच्या दयेनं.)

"ते भरून काढायचे प्रकार आहेत. इंजेक्शन घेतलं की जोर चढतो, पुढचं जवळ आलं की उतरतो. पट्टी चिकटवली तर कातडीला खाज सुटू शकते. कातडीखाली बारीक गोळ्या ठेवता येतात, त्या महिनोन्महिने पुरतात. नाहीतर जेल. रोज सकाळी खांद्यांना चोळायचं."

"सुई नको," हे म्हणाले.

"पट्टी घ्या. मी ओढून काढत जाईन," मी म्हणाले.

ह्यांनी आपल्या केसाळ छातीवर हात ठेवला.

"मग त्या गोळ्या पेरा. उगवतं का बघू," मी म्हणाले.

"जेल द्या," हे म्हणाले.

"लावून झालं की लगेच साबणानं हात धुवायचे हं, आजी. दुसऱ्याच्या अंगाला लागता कामा नये."

मी मान डोलावली. (मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार.)

ह्यांचे हात खांद्यामागे पोचत नाहीत, म्हणून चोळायचं काम माझ्याकडे. हाताला बरंच उरायचं. एवढं गुणाचं औषध नळाखाली सोडायचं? मी तेलाची बाटली उलटी ठेवून शेवटचा थेंब काढणारी बाई. उरलेलं मी माझ्या दुखऱ्या गुडघ्यांना पुसायला लागले.

आणि काय सांगू तुम्हाला, मी सुटलेच. कपाट एकटीनं सरकवलं. गच्चीवरची टाकी आत उतरून घासली. दूधवाल्याशी अशी भांडले की तो माप जास्त घालून पळाला. जिना गाणं म्हणत चढायची. आवाज तेवढा बसला होता. लेकीचा फोन आला.

"बाबा, आईला द्या ना."

"मीच आई."

"बाबा, तुम्हीसुद्धा आईसारखे सोंगं करायला लागलात?"

हे मात्र खुर्चीतच. फार तर एखादी मशीन पुसून ठेवायचे. मी मनातून हबकले. औषध लागू पडेना म्हणजे माझा माणूस असाच राहणार की काय?

पुन्हा तपासणीला गेलो. बाई ह्यांचा रिपोर्ट बघून म्हणाल्या, "वाढायला हवं तेवढं वाढलं नाही." मग त्यांची नजर माझ्या हनुवटीवर अडकली.

"आजी, हात धुता ना?"

"धुते की. नंतर."

"कशानंतर?"

"गुडघ्यांना पुसून झाल्यावर."

त्यांनी माझंही रक्त काढायला लावलं. रिपोर्ट आला तशी पेन खाली ठेवला. "आजी, तुम्ही आजोबांच्या पुढे गेलात. हे थांबवा. अंगात साठलेलं उतरेल, पण आवाजाचं काही सांगता येत नाही."

हे ताडकन उभे राहिले. कान लालबुंद. "माझं औषध तू गुडघ्यांना फासतेस? अक्कल गहाण ठेवलीस की काय?"

राग होता तो. अस्सल, जुना. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"डॉक्टर, मला सुई द्या," हे म्हणाले. "घरात दोन म्हातारे नकोत."

सुई सुरू झाली आणि महिन्याभरात टेबलावरच्या मशिनी खडखडायला लागल्या. मी खुशीत. चहात मीठ घालायचा पुन्हा बेत आखला.

एका सकाळी उठून बघते, तर मोरीपाशी गरम पाणी काढलेलं, शेजारी साबण, ब्रश आणि ह्यांचा वस्तरा. आरसा उतरवून बरोब्बर माझ्या उंचीला टांगलेला. दाराआड कुणीतरी खुसखुसत होतं.

"आधी तू उरक," हे म्हणाले. "मला घाई नाही."

उभ्या आयुष्यात पहिल्यांदा माझी खोडी निघाली होती. मी अशी भडकले की खिडक्या हादरल्या.

खालून दूधवाला म्हणाला, "आलो, आलो. एवढं कशाला चिडता, आजोबा?"