दोनशे बारा तारा

दसऱ्याच्या सुट्टीत नागपूरला जाऊन आलेला धर्मपाल स्टेशनवरून थेट ऑफिसात शिरला, तेव्हा त्याच्या मशीनला झेंडूची भलीमोठी माळ होती. माळेचं त्याला काही वाटलं नाही. कालच दसरा झाला होता, आणि अकोल्यात दसऱ्याला तराजूपासून ट्रकपर्यंत सगळ्यांनाच माळ पडते. पण माळेखालचा बोर्ड दिसला आणि हातातली पिशवी तिथंच टाकून तो मशीनकडे धावला.

चौसष्ट सालची गोष्ट. कापूस कंपनीच्या त्या ऑफिसात पंच-कार्डाचं मशीन येऊन सहा महिने झाले होते. कापसाच्या प्रत्येक गाठीमागे भोकं पाडलेलं एक कार्ड. कार्डांचा गठ्ठा मशीनला दिला की सरकी काढणाऱ्या कोणत्या जिनात कोणत्या प्रतीच्या किती गाठी, याचा तक्ता छापून बाहेर. पण हे मशीन आपण होऊन थोडंच करतं? त्याला अक्कल शिकवायला पाटीएवढा एक बोर्ड होता. त्यात शेकड्यांनी भोकं, आणि या भोकातून त्या भोकात गेलेल्या दोनशे बारा तारा. एक तार चुकली की तेल्हाऱ्याच्या गाठी मूर्तिजापुरात. मुंबईला तीन महिने शिकून आल्यावरही हा बोर्ड जुळवायला धर्मपालला एकोणीस दिवस लागले होते.

आता त्या तारा कवायतीला उभ्या केल्यासारख्या ओळीत होत्या. लाल तारा लाल तारांजवळ, पिवळ्या पिवळ्यांजवळ, मधोमध हिरव्या तारांचं स्वस्तिक आणि भोकाभोकांत कुंकू.

"सहदेवभाऊ..." धर्मपालच्या तोंडून कसंबसं निघालं.

सहदेव म्हणजे ऑफिसातला सगळ्यात जुना शिपाई. तो हसत हसत पुढं आला. "पायलं का बाबू? कसं चकाचक केलं!"

"या तारा कोणं काढल्या?"

"म्याच! खंडेनवमीले मळकं आयुध पूजेले ठेवते का कोणी? एक एक तार काढून घासलेटानं पुसली. काय गुंताडा व्हता बाप्पा! मले वाटलं, तुमाले नीट लावाले येळच भेटला नसन."

त्या भोळ्या तोंडाकडे पाहून धर्मपालला धड रागावताही येईना. बोलणं ऐकून हेडक्लार्क भगवंतराव आले. पूजेचा हुकूम त्यांचाच.

"अरे, घाबरतं काहून? एकबी तार हरपली नाई. मी सोता मोजल्या, दोनशे बारा!"

"मोजून काय करता जी? कोणती तार कोठं व्हती, ते लिहून ठेवलं का?"

"तुया मशीनचं तू नाई लिहिलं?"

हा घाव वर्मी बसला. धर्मपालनं चार्ट केला होता, नाही असं नाही. पण एप्रिलात. त्यानंतर बोर्डात एक्केचाळीस बदल झाले, आणि प्रत्येक बदल 'उद्या उतरवून घेऊ' म्हणून राहिला. एप्रिलपासून हा उद्या काही उजाडला नव्हता.

आणि चार वाजता मुंबईचे साहेब यायचे होते! सहा महिन्यांची मुदत संपत होती. तक्ता बरोबर निघाला तर मशीन राहणार आणि धर्मपाल कायम. नाही तर मशीन परत, आणि हा पुन्हा हिवरखेडच्या जिनात कापसाच्या गाड्या मोजायला. तिकडे बाप पुंजाजी गावभर सांगत सुटला होता, "आमचा धर्मपाल मशीनले शिकवते!" त्या बापाला तोंड कसं दाखवायचं, या विचारानं धर्मपालला रडू फुटायचं बाकी राहिलं.

सगळ्या तारा उपटून, एप्रिलचा चार्ट समोर ठेवून आणि नंतरचे बदल आठवत तो बोर्ड मांडीवर घेऊन जमिनीवरच बसला. सहदेव काडीला कापूस गुंडाळून भोकांतलं कुंकू काढू लागला. भगवंतराव एकेक तार हातात देत होते आणि दर पाच मिनिटांनी "किती झाल्या?" विचारत होते. त्या विचारण्यानं धर्मपाल दोनदा चुकला.

एक वाजता बसल्या तेवढ्या तारांवर थोडी कार्डं घालून पाहिली. मशीननं अकोटच्या जिनात एका दिवसात नऊ लाख गाठी छापल्या.

"पीक तं बरं दिसते," भगवंतराव म्हणाले.

धर्मपालनं तो तक्ता फाडला आणि बोर्ड पुन्हा मांडीवर घेतला. भांडायला अंगात त्राण तर हवं!

साहेब चारला यायचे ते मोटारीनं तीनलाच येऊन थडकले. अडतीस तारा अजून बाकी.

"हे काय? बोर्ड उघडा कशासाठी?"

धर्मपाल खरं तेच सांगणार होता. पण भगवंतरावांची जीभ आधी धावली. "साहेब, सीझनच्या तोंडावर आम्ही दरसाल सगळ्या तारा काढून साफ करतो. शिस्त आहे आमची."

सहा महिन्यांच्या मशीनला दरसाल कुठून आलं, हे साहेबांनी विचारलं नाही. "वा! मुंबईत हे कुणाला सुचलं नाही," असं म्हणत ते खुर्ची ओढून कौतुकानं बघत बसले. पावणेपाचला शेवटची तार बसली. मशीन खडखडलं, तक्ता निघाला आणि गाठ न् गाठ जुळली. धर्मपाल भिंतीला टेकला, तो बराच वेळ उठलाच नाही.

दहा दिवसांनी पत्र आलं. धर्मपाल कायम! सहदेवानं पेढे वाटले. सोबत एक परिपत्रकही होतं: अकोल्याची शिस्त उत्तम असल्यानं कंपनीच्या सर्व ऑफिसांनी दरसाल तारा काढून बोर्ड साफ करावा, आणि तो पुन्हा जुळवायला धर्मपालनं गावोगाव जावं. सुरुवात अमरावतीपासून.

अमरावतीच्या ऑफिसात तिथले हेडक्लार्क खुशालराव दारातच सामोरे आले.

"या या! तुमाले तरास नको म्हणून आमी सकाळीच सगळ्या तारा काढून धुतल्या. गच्चीवर वाळून राहिल्या."

"धुतल्या? आणि चार्ट?"

"तो कागद लय जुना व्हता जी. फेकला."

"मशीनवर कोण बसत होतं?"

"तो मागच्याच महिन्यात नोकरी सोडून गेला."

धर्मपालनं डोळे मिटून घेतले. "मशीन काय काय छापत होतं, ते तरी सांगा."

"ते तुमी सांगान ना!" खुशालराव म्हणाले. "कायमचा माणूस तुमी. आमाले काय समजते?"

धर्मपालनं कोट काढून खुंटीला अडकवला आणि गच्चीचा जिना कुठं आहे ते विचारलं.