एक वाढवली

जुनं झुंबर दुरुस्त करणं म्हणजे काही डोक्याला ताप नाही. पितळ घासायचं, वायर बदलायची, छताला टांगायचं आणि फोटो काढायचा. हे सगळं मी करून दाखवणार होतो, आणि दाखवलंही. पुढे जे झालं ते झुंबराच्या खात्यात धरू नका.

बायकोची दुसऱ्या शहरात बदली झाली, तेव्हापासून घरात मी आणि आई. बायकोची तिथली मुदत आता संपत आली होती, पण तिचे साहेब मागे लागले होते की आणखी वर्षभर राहा. "बघते," असं ती म्हणाली होती. त्या 'बघते'ने माझी झोप उडवली. तिच्याशिवाय मला अजिबात करमत नाही. पण पन्नाशी उलटलेल्या माणसाने हे फोनवर बोलायचं कसं? मी आपला सिलिंडर आला, नळ गळतोय, एवढंच सांगून फोन ठेवायचो.

तर झुंबर. लग्नानंतर आम्ही दोघांनी जुन्या बाजारातून उचलून आणलेलं, पाच काचेच्या शेडचं. एकेक दिवा गेला, शेवटी वायर जळली आणि ते माळ्यावर जाऊन बसलं. "करतो दुरुस्त," असं मी दरवर्षी म्हणायचो आणि ती म्हणायची, "तुम्ही काय दिवे लावणार!" आता ठरवलं, लावायचेच. पाचही दिवे लागलेला फोटो पाठवायचा. तिला घर आठवेल, ती साहेबांना नाही म्हणेल, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही.

घासून घासून बोटांची सालं निघाली. वायरमनने होल्डर बदलले, हुकाला स्वतः लोंबकळून बघितलं आणि म्हणाला, "छत पडेल साहेब, पण झुंबर पडायचं नाही." बटण दाबलं. जेवणाच्या टेबलावर पिवळा उजेड पडला, तिची रिकामी खुर्चीही उजळली.

फोटोत मात्र मागच्या भिंतीची ओल दिसायला लागली.

"ही ओल बघून ती कशाला येतेय?" आई म्हणाली.

मग मागे चादर धरायचं ठरलं. एक टोक कपाटाच्या दारात अडकवलं, दुसरं आईच्या हातात दिलं. मी टेबलावर उताणा पडून मोबाइल रोखला, आणि नेमका स्वयंपाकघरात आईचा फोन वाजला. आई निघाली. चादरीचं टोक हातात घेऊनच निघाली! चादर झुंबरावरून फिरली आणि एक शेड माझ्या कानाशेजारी येऊन खळकन फुटली.

इथे आईबद्दल सांगायला हवं. फुटलं, तुटलं असलं अभद्र ती बोलत नाही. बांगडी वाढते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आमच्याकडे कपबशी वाढते, चष्म्याची काच वाढते. लहानपणी एकदा माझा हात वाढला होता, तो महिनाभर प्लास्टरमध्ये होता. शिवाय आईला हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनवर ती ऐकते थोडं आणि बोलते फार.

मी काचा वेचत होतो आणि आतून तिचा आवाज येत होता.

"अगं, वाढवली त्याने. हो, आत्ताच. मला विचारतो कुठे? सगळं आपल्या मनाने करतो."

चादर कोणाच्या हातात होती, ते तिने सांगितलं नाही.

"तू मनाला लावून घेऊ नकोस हं. एक नसली म्हणून घर काही अंधारात राहत नाही."

मी मनात म्हटलं, चला, बायकोचाच फोन दिसतोय, शेडचं आईने परस्पर मिटवलं. मग निवांतपणे चार दिव्यांचा फोटो काढला आणि पाठवून दिला. उत्तर आलं, 'छान.' बस्स, एवढंच. मी लगेच फोन लावला.

"दिवे चांगले लागलेत," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "मी साहेबांना होकार दिला. तुमचीच तशी इच्छा आहे म्हटल्यावर काय करणार?"

"माझी कसली इच्छा?"

"साहेब दारात उभे होते, म्हणून घाईघाईने आईंना विचारलं. मुदत वाढवावी की नको, हे काय म्हणतात? तर म्हणाल्या, वाढवली त्याने. एक नसली म्हणून घर अंधारात राहत नाही."

"अगं बाई, ती शेड! पाचवी शेड वाढवली. फोटोत मोज तू."

पलीकडून पुटपुटणं ऐकू आलं. ती मोजत असावी. मग ती हसायला लागली, पुष्कळ वेळ हसली, आणि शेवटी तिने नाक ओढलं.

"मला तुझ्याशिवाय करमत नाही," मी म्हणालो. एकदाचं निघालं तोंडातून.

"हे आधी बोलला असतात, तर पाचवी शेड वाचली असती," ती म्हणाली. "उद्या साहेबांना गाठते. होकार का फिरवला, विचारतील. काय सांगू?"

"घरगुती अडचण सांग."

"छे. खरं तेच सांगते. नवऱ्याने दिवे लावले."

"ऐकतील ना ते?"

"बघते."

हे 'बघते' मला जरा बरं वाटलं. फोन ठेवून मी तिच्या खुर्चीत बसलो होतो, इतक्यात आतून आईची हाक आली.

"झालं असेल बोलणं तर ये रे, वाढलंय."

मी दचकून वर बघितलं. चारही शेड जागच्या जागी होत्या.