मशीनवरचं पातेलं

प्रोसेसर अमेरिकेहून आला, पण त्याला बसायला नगरमध्ये जागा मिळेना.

पंकजच्या मावसभावाने पाठवलेला तो सर्व्हरचा नवा, भारी प्रोसेसर. त्याच्या भरवशावर पंकजने एमआयडीसीतली नोकरी सोडली आणि काष्टीकडच्या एका दूध संस्थेला सांगितलं, की तुमच्या सगळ्या केंद्रांचा कारभार एकच मशीन सांभाळेल. मग कळलं, की याला साधा मदरबोर्ड चालत नाही. नगरच्या दुकानदारांनी प्रोसेसर हातात घेऊन कौतुक केलं आणि परत दिला. पुण्याहून आणलेला पहिला बोर्ड सुरूच झाला नाही. "डोळे झाकून घेऊन जा," म्हणून दिलेला दुसरा, चहाला उकळी येईपर्यंत चालायचा आणि थिजायचा.

सोमवारी संस्थेचे चेअरमन रखमाजीअण्णा घरी येणार होते. दिवसभर मशीन थांबलं नाही तर काम पंकजचं. थांबलं तर त्याला पुण्यात नोकरी धरावी लागणार आणि निकिता बापाला फक्त रविवारी बघणार. ती नुकतीच रांगत दारापर्यंत जाऊन त्याची वाट बघायला लागली होती. तिला न्हाऊ घालताना पंकजच्या बायकोच्या, सीमाच्याच डोळ्यांत पाणी यायचं.

थंडीमुळे घरात दहीही लागत नव्हतं. शनिवारी पंकजच्या आईने, भागिरथीबाईंनी, विरजणाचं पितळी पातेलं सरळ त्या आडव्या मशीनवर ठेवलं.

"आई, ती काय चूल आहे का?"

"चूल बरी. पेटली की मधीच थांबत तरी न्हाई."

पंकज पातेलं उचलायला गेला आणि थबकला. चहा पिऊन झाला होता, तरी मशीन चालू होतं. त्याने पातेलं उचललं. मशीन थिजलं. पुन्हा ठेवून सुरू केलं, तर चालू राहिलं.

"बोर्ड आतून उचलला जातोय," तो म्हणाला. "वर वजन असलं की टेकतो."

"आता उचलू नको लेका, दही मोडंल."

सगळे स्क्रू पिळून झाले, उपयोग झाला नाही. सोमवारी पातेलं मशीनवरच राहिलं. अण्णा समोर खुर्ची टाकून बसले. दुपारपर्यंत पडद्यावरचे आकडे पळत होते. मग अण्णांनी नाक वर केलं.

"वैनी, दही घरचं का? वास लई झ्याक येतोय."

पाहुण्याने दही मागितल्यावर भागिरथीबाईंना दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी पातेलं उचललं. त्याच क्षणी सीमाने कडेवरची निकिता मशीनवर टेकवली.

"लेकराला मशीनवर बसवतेस व्हय, पोरी?" अण्णांनी विचारलं.

"ऊब लागते तिला," सीमा म्हणाली.

अण्णांनी दुसरी वाटी मागितली. निकिताला आता खाली उतरायचं होतं. ती मागे वाकली, मग रडायला लागली. सीमा एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताने झाकण दाबत होती. भागिरथीबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि वरवंटा घेऊन आल्या. गार दगड पोरीच्या अंगाला लागू नये म्हणून त्यांनी तो तिच्याच कुंचीत गुंडाळला होता.

"घे तिला," त्या सीमाला म्हणाल्या. "बारशाला हिच्या आधी पाळन्यात ह्योच घातला हुता. आता हितंबी बसंल."

कुंची घातलेला वरवंटा मशीनवर विसावला. अण्णा हातातली वाटी विसरून त्याच्याकडे बघत राहिले.

"अण्णा," पंकज मान खाली घालून म्हणाला, "बोर्ड भरवशाचा नाही."

अण्णा वाटी खाली ठेवून दिवेलागणीपर्यंत बसून राहिले. मशीनही चालत राहिलं.

"थांबलं तर न्हाई," उठताना ते म्हणाले. "काम तुमचंच. बोर्ड भरवशाचा न्हाई, पन तुमी खरं बोललात. चांगला बोर्ड घावंपत्तुर मशीनसंगं तुमीबी काष्टीला ऱ्हावा. खोली देतो. रविवारी या की घरी."

दुसऱ्या दिवशी टेम्पोत मशीन चढलं, मग कुंचीसकट वरवंटा, मग वळकटी घेऊन पंकज.

संध्याकाळी भागिरथीबाई पाट्यासमोर मिरच्या घेऊन बसल्या. हात सवयीने वरवंट्याच्या जागी गेला. निकिता रांगत दाराशी जाऊन बसली होती.

"रविवारी घिऊन यील का गं त्यो वरवंटा?" त्यांनी सीमाला विचारलं.

"नाही आई. वरवंटा काढला की मशीन थांबतं."

"आन् पंकज आला की?"

"चालू राहतं."

भागिरथीबाईंनी मिरच्या परत परडीत टाकल्या.

"मंजी गरज दगडाची हुती," त्या म्हणाल्या. "नेलं मातूर दोघान्‌ला."