टोपाचं गुप्तदान

दिवाळीच्या साफसफाईत कालिंदीबाई सबनिसांच्या माळ्यावरून गोधडीत गुंडाळलेला एक टोप खाली आला, आणि त्या घरातली दिवाळी तिथेच आटोपली.

टोप साधासुधा नव्हता. पन्नास माणसांचा मसालेभात आरामात शिजेल एवढा, जाड बुडाचा, आणि काठावर मशीनने ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव: सौ. राधाबाई बाबुराव परब. स्टुलावर उभे असलेले शरच्चंद्र खाली उतरेपर्यंत कालिंदीबाईंनी त्यावर गोधडी परत टाकली होती. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं, नाव शरच्चंद्रांनी वाचलं होतं. "म्हणजे टोप आपल्याचकडे होता?" एवढंच ते म्हणाले, मग बायकोचा चेहरा बघितला आणि निमूटपणे केर भरायला लागले.

आता एका टोपाचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. त्याने परळच्या त्या चाळीत राहून बघावं. सबनीस आणि परब सख्खे शेजारी, मध्ये फक्त एक भिंत. राधाबाई मालवणकडच्या, तोंडाने फटकळ, हाताला चव. कालिंदीबाई फणसवाडीतून लग्न होऊन आलेल्या, जिथली वस्तू तिथे ठेवणाऱ्या. स्वभावाचं टोक टोकाला लागत नव्हतं, तरी दोघींचं मेतकूट असं की परबांकडे सोलकढी झाली की पहिली वाटी सबनिसांकडे यायची, आणि सबनिसांच्या पुरणपोळीचा पहिला घास बाबुराव परब खायचे.

मग सबनिसांच्या लेकीचं, ऋताचं लग्न निघालं. केळवणाच्या मसालेभाताला राधाबाईंचा टोप आला. लग्न झालं, ऋता दादरला नाबरांच्या घरी गेली, पाहुणे पांगले, आणि राधाबाईंनी टोप मागितला. कालिंदीबाई म्हणाल्या, तो मी सोमवारीच तुमच्या दारात ठेवला. राधाबाई म्हणाल्या, ठेवला असता तर माझे डोळे फुटलेत काय? शब्दाने शब्द वाढला. राधाबाईंनी सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल अशा आवाजात भांडीचोर हा शब्द वापरला. त्यावर कालिंदीबाईंनी चाळीच्या गणपतीसमोर, आरतीला जमलेल्या सगळ्यांच्या देखत, तबकावर हात ठेवून सांगितलं की टोप माझ्याकडे नाही. त्या खोटं बोलत नव्हत्या हो. त्यांना खरंच तसं वाटत होतं. पण त्या आरतीपासून दोन घरांतलं बोलणं बंद झालं ते झालंच.

त्याच लग्नात सबनिसांचीही एक मोठी परात गायब झाली होती. तिचा संशय कालिंदीबाईंनी विहीणबाईंवर, म्हणजे दादरच्या रश्मीताई नाबरांवर ठेवला होता. रव्याचा उभट डबा उघडला की त्यांना परातीची आठवण व्हायची, आणि "नाबरांकडे गेली ती गेलीच," असं म्हणून त्या रवा भाजायला घ्यायच्या. ऋता फोनवर कळवळून सांगायची, "आई, प्लीज. त्यांच्या किचनमधला कप्पा न् कप्पा बघितलाय मी. नाहीये तिथे." पण सासरी गेलेली मुलगी सासरचीच बाजू घेणार, हे कालिंदीबाईंना ठाऊक होतं.

आणि आता हा टोप. परत करावा तर देवासमोर घेतलेली शपथ खोटी ठरते, आणि सगळी चाळ म्हणणार, बघा, राधाबाई खरंच बोलत होत्या. ठेवून घ्यावा तर खरोखरच चोर. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. त्यांनी तारेच्या घासणीने नाव घासून बघितलं. टोप नव्यासारखा चकाकायला लागला आणि नाव आधीपेक्षा ठसठशीत दिसायला लागलं. लालबागच्या भांडीवाल्याला सहज म्हणून विचारलं, कोरलेलं नाव जातं का हो? तो म्हणाला, "बाई, टोप जाईल, नाव जाणार नाही."

अशा वेळी चाळीच्या ग्रुपवर उजेड विद्यालयाचा मेसेज आला. उजेड विद्यालय म्हणजे लालबागच्या गल्लीतली छोटी मराठी शाळा. सरकारी अनुदान नाही, मोठा ट्रस्ट नाही, आजूबाजूच्या लोकांनी दिलेल्यावर चालायची, आणि ते लोकही काही गडगंज नव्हते. मुख्याध्यापिका लतिकाबाईंनी लिहिलं होतं की मुलांना दुपारची गरम खिचडी सुरू करतोय, धान्य जमलंय, घरात पडून असलेली मोठी भांडी असतील तर द्या.

कालिंदीबाईंनी मेसेज दोनदा वाचला. पडून असलेलं मोठं भांडं म्हणजे आणखी काय असतं? दान होईल, पोरांच्या पोटात अन्न जाईल, आणि माळ्यावरचं पाप उतरेल. त्यांनी टोप गोणपाटात बांधून नवऱ्याच्या हातात दिला.

"नाव विचारलं तर?" शरच्चंद्रांनी विचारलं. विम्याच्या कचेरीत जन्म गेलेला माणूस, पावतीशिवाय त्यांच्या घशाखाली पाणी उतरत नसे.

"सांगायचं, गुप्तदान."

शरच्चंद्र गेले आणि छाती फुगवून परत आले. लतिकाबाईंनी म्हणे हात जोडले, आजकाल नावासाठी धडपडणारेच फार, असं म्हणाल्या. त्या दिवशी कालिंदीबाईंना बऱ्याच वर्षांनी अंथरुणाला पाठ टेकताच झोप लागली.

पण लतिकाबाई पडल्या कृतज्ञ बाई. माणसाने इतकंही कृतज्ञ असू नये. दात्याने नाव सांगितलं नाही याची त्यांना रुखरुख लागून राहिली. मग खिचडी ढवळताना त्यांना काठावरचं नाव दिसलं, आणि आठवड्याभरात ग्रुपवर निवेदन आलं: 'आपल्या चाळीतील सौ. राधाबाई परब यांनी शाळेला टोप दिला आणि मनाचा मोठेपणा असा की नाव सांगितलं नाही. पण टोपानेच नाव सांगितलं! स्नेहसंमेलनात त्यांचा सत्कार करीत आहोत. उरलेल्या दात्यांची नावं त्याच वेळी जाहीर होतील.' खाली हात जोडलेली चित्रं आणि गुलाबाची फुलं.

कालिंदीबाईंच्या हातातली पोळी तव्यावर करपली. आता राधाबाई बाहेर येणार, गॅलरीत उभ्या राहणार आणि सगळ्यांना विचारणार की न दिलेला टोप शाळेत गेला कसा. त्या कान देऊन बसल्या. भिंतीपलीकडे कुकरची शिट्टी झाली. बातम्या लागल्या. बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशीही काही नाही. चाळीतल्या बायका राधाबाईंचं अभिनंदन करून गेल्या, आणि राधाबाई ते मान खाली घालून घेत राहिल्या.

"गप्प आहेत म्हणजे स्टेजवर बोलणार," कालिंदीबाई नवऱ्याला म्हणाल्या. "माइक हातात घेऊन बोलणार. मला आता चाळीत तोंड दाखवायला जागा नाही उरणार."

शरच्चंद्रांनी सुचवलं की सरळ जाऊन माफी मागावी. बायकोने अशा नजरेने बघितलं की त्यांनी सूचना मागे घेतली.

मग कालिंदीबाईंनी स्वतःच्या डोक्याने उपाय काढला. नवा कोरा, त्याहून मोठा टोप विकत आणला, टॅक्सीत घालून शाळेत नेला आणि लतिकाबाईंना सांगितलं की तो जुना टोप बुडाला गळतो, हा घ्या आणि तो मला द्या. लतिकाबाई म्हणाल्या, छे हो, काय सुंदर बूड आहे, मुलं खिचडी दोनदा मागून घेतात. आणि तो गळतो हे तुम्हाला कसं माहीत? कालिंदीबाई म्हणाल्या, असंच, टोप गळतात. लतिकाबाईंनी नवा टोप वरणासाठी ठेवून घेतला, जुना खिचडीला राहू दिला, आणि नाव विचारलं. "गुप्तदान," असं म्हणताना कालिंदीबाईंचा आवाज रडवेला झाला होता.

परत येताना शाळेच्या गल्लीतच राधाबाई समोरून येताना दिसल्या. कमरेवर चादरीत बांधलेलं काहीतरी गोल, पसरट. दोघी जागच्या जागी थबकल्या. कालिंदीबाई शिंप्याच्या दुकानातल्या परकरांकडे बघायला लागल्या, राधाबाई विजेच्या तारांकडे. मग दोघी शेजारून निघून गेल्या. चादरीत काय असेल ते असेल, आपल्याविरुद्धचाच पुरावा असणार, याबद्दल कालिंदीबाईंची खात्री पटली.

स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळी सगळी चाळ शाळेच्या सभागृहात लोटली होती. कालिंदीबाई जाणार नव्हत्या. पण न जाणं म्हणजे कबुलीच, म्हणून गेल्या आणि दाराजवळची खुर्ची धरून बसल्या. स्टेजवर टेबलाच्या मधोमध टोप, त्याला झेंडूचा हार. राधाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून वर गेल्या. शाल, श्रीफळ, टाळ्या. मग लतिकाबाईंनी तो माइक पुढे केलाच. दोन शब्द बोला म्हणाल्या.

राधाबाईंनी टोपाकडे बघितलं. मग सभागृहात नजर फिरवली, आणि ती दाराजवळच्या खुर्चीवर येऊन थांबली.

"टोप माझाच," त्या म्हणाल्या. "मधी थोडे दिवस कुठे होता ते देवाक ठाऊक. मी त्याच्यासाठी एका चांगल्या माणसाला नको ते बोलले. आता पोरांच्या पोटाला लागतो ना, झालं तर."

कालिंदीबाईंना पदर डोळ्यांना लावावा लागला. हीच बाई आपल्याला भांडीचोर म्हणाली होती, आणि आज हिला चाळीसमोर आपलं नाक कापता आलं असतं, तर हिने ते झाकलं. एवढ्या वर्षांची सोलकढी आपण एका टोपापायी घालवली, याचं त्यांना फार फार वाईट वाटलं.

तेवढ्यात लतिकाबाईंनी टेबलामागून एक परात उचलली. मोठी, कंगोऱ्याच्या काठाची. म्हणाल्या, हेही गुप्तदानच, पण परातही काही गप्प बसत नाही. सौ. कालिंदी शरच्चंद्र सबनीस, कृपया स्टेजवर या.

शरच्चंद्रांनी बायकोला कोपराने ढोसलं म्हणून त्या उठल्या. आपल्या पायांवर आपण स्टेजवर कशा पोचलो हे त्यांना पुढेही कधी आठवलं नाही. शाल खांद्यावर पडली, नारळ हातात आला, आणि फोटोवाला म्हणाला की दोघी जरा जवळ उभ्या राहा.

"माझी परात," कालिंदीबाई ओठ न हलवता म्हणाल्या.

"पलंगाखालच्या पेटीत," राधाबाई फोटोवाल्याकडे बघत पुटपुटल्या. "मे महिन्यात गावाहून आले तेव्हा गावली. तोंड कुठे दाखवू? तुला चोर म्हणून बसलेले. मग शाळेत देऊन टाकली, गुप्तदान म्हणून. नावं जाहीर होणार कळलं तशी नवी देऊन ही परत घ्यायला गेले, तर बाईंनी दोन्ही ठेवून घेतल्या. माझो टोप खंय होतो गो?"

"माळ्यावर. गोधडीत."

फोटोवाला म्हणाला, जरा हसा. पण त्याला सांगायची गरजच नव्हती. दोघी अशा हसत सुटल्या की राधाबाईंच्या हातातला नारळ घरंगळत पहिल्या रांगेत गेला.

त्याच संध्याकाळी राधाबाई सबनिसांच्या स्वयंपाकघरात आपल्या जुन्या पाटावर येऊन बसल्या. कालिंदीबाईंनी शिऱ्यासाठी गॅसवर तूप ठेवलं, रव्याचा डबा काढून पाटाजवळ ठेवला, आणि म्हणाल्या की आधी एक काम करते. विहीणबाईंची माफी मागते. विनाकारण त्या माउलीवर आळ घेतला. राधाबाई म्हणाल्या, आता लाव फोन, उद्यावर टाकशील तर राहील.

फोन स्पीकरवर लागला. कालिंदीबाईंनी परात सापडल्याचं सांगितलं, मनात नको ते आणल्याचंही सांगितलं. रश्मीताई नाबर पलीकडून मोकळेपणाने हसल्या.

"अहो, मनाला नका लावून घेऊ. लग्नात भांडी इकडची तिकडे होतातच. माझ्या आईने दिलेला एक उभट डबा ऋताच्या लग्नापासून मिळत नाहीये. पण मी कधी कुणाला बोलले का?"

कालिंदीबाईंनी फोन ठेवला. राधाबाईंनी पाटाजवळचा रव्याचा डबा हळूच फिरवला, काठावरचं नाव वाचलं, आणि पुन्हा फिरवून ठेवला.

"लतिकाबाईंना डबे लागतात काय गो?" त्यांनी विचारलं.

कालिंदीबाईंनी डब्याकडे बघितलं. एवढी वर्षं रोज हातात घेतलेला डबा, त्यावरचं नाव काही त्यांना दिसलं नव्हतं. मग त्यांनी गॅस बारीक केला.

"नको बाई, पुरे झालं गुप्तदान," त्या म्हणाल्या. "शिरा राहू दे. सगळ्या रव्याचे लाडू वळू. उद्या दोघी दादरला जाऊ. रिकामा डबा कसा परत करायचा?"

राधाबाई घरी जाऊन वाटीभर खवलेलं खोबरं घेऊन आल्या. कालिंदीबाईंनी खोबरं ताटलीत काढून घेतलं, वाटी घासली, पुसली, आणि तिथल्या तिथे त्यांच्या हातात परत दिली.