सिंधुबाई नखाएवढ्या

डब्याचं झाकण ओट्यावरून निसटलं आणि फरशीवर भोवऱ्यासारखं गरगरत राहिलं. रविवारच्या दुपारची जिवापाड जपलेली शांतता तिथेच संपली. चार वर्षांची तेजू डोळे चोळत उठली, तर आई, स्नेहल, खिडकीच्या गजाला सुतळ्या बांधत बसलेली.

लांबचं लहान दिसतं, ते उद्या मुलांना शिकवायचंय, असं तिने तेजूला सांगितलं. तेजूने एक डोळा मिटला, समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी चिमटीत पकडली आणि खूश होऊन पुन्हा आडवी झाली. हिला कळलं, मग सहावीला न कळायला काय झालं? स्नेहल निर्धास्त झाली.

घर शहरात, द्वारका चौकाजवळ आणि शाळा पार पिंपळगावच्याही पुढे, खेड्यात. तिथे स्नेहल चित्रकलेची हंगामी शिक्षिका. उद्याचा तास बघून तिला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे मुख्याध्यापिका उज्वला मॅडम ठरवणार होत्या. पण स्नेहलकडे हुकमी एक्का होता! शाळेच्या कुंपणाला लागून कारभारीआबांची द्राक्षबाग. लांबच लांब ओळी, पार टोकाला एका ठिपक्यात मिळणाऱ्या. यथार्थदर्शन, म्हणजे लांबचं लहान कसं काढायचं ते, शिकवायला देवानेच मांडून ठेवलेली!

सकाळी वर्ग बांधावर बसला, मागे उज्वला मॅडम. पोरांच्या कागदावर ओळी शहाण्यासारख्या ठिपक्याकडे निघाल्या. फक्त अंजलीच्या शेवटपर्यंत एकमेकींपासून फटकून. अंजली म्हणजे आबांची नात.

"मॅडम, ओळी नऊ फुटांवर हायेत. तिकडं चिकटल्या तर ट्रॅक्टर कसा जाईल?"

वर्ग गंभीर झाला. निम्म्या पोरांच्या घरी बाग, ट्रॅक्टर अडकणं ही काय हसण्यावारी न्यायची गोष्ट? खोडरबरं निघाली आणि बघता बघता वर्गभरच्या ओळी पुन्हा लांब सरकल्या. उज्वला मॅडम चष्मा पुसू लागल्या.

त्यात आबाच तरातरा आले. बागेत व्यापारी माल बघत होता आणि इकडे बाई पोरांना सांगत होत्या की ओळी पुढे जाऊन एक होतात. दोरी धरून लावलेली बाग आपली, असं म्हणत आबांनी टेप मागवला. टेपचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं बायकोच्या, सिंधुबाईंच्या. मागून अख्खा वर्ग. अलीकडे नऊ फूट. पार पलीकडच्या टोकाला नऊ फूट. पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्याही आबांसाठी.

स्नेहल भांडली नाही. ओळी तुमच्या सरळच आहेत, फक्त सिंधुमावशींना इथेच उभं राहू द्या, एवढंच म्हणाली. सगळ्यांना घेऊन ती बांधावर परत आली आणि आबांच्या हातात पेन्सिल दिली. हात ताठ, एक डोळा बंद, आता मावशींना मोजा.

आबा बराच वेळ मोजत राहिले.

"नखाएवढी दिसती की," ते हळूच म्हणाले. "लगीन झाल्यापासनं पहिल्यांदाच."

अंजलीने हे लगेच ओरडून आजीला कळवलं. पलीकडून खणखणीत उत्तर आलं.

"त्यास्नी सांग, इथनं तुमी बी तेवढंच दिसताय!"

उज्वला मॅडम हसता हसता बांधावरच बसल्या. व्यापारीही हसला. आबांनी मिशीवर हात फिरवला आणि फर्मान काढलं, "काढा रं, मॅडम सांगत्यात तसं. पण ट्रॅक्टर जातो म्हणून खाली लिवा."

अंजलीने ठिपक्याला मिळालेल्या ओळींखाली ठळक अक्षरात लिहिलं, 'प्रत्यक्षात नऊ फूट'.

संध्याकाळी स्नेहल घरी आली ती विजयी सेनापतीसारखी. नोकरी कायम झालेली आणि पिशवीत आबांनी दिलेली द्राक्षं. आता रोज शाळा, दर महिन्याला पगार, तेजूला नवी सायकल! ती सांगतच सुटली.

तेजूने एक डोळा मिटला आणि आईला चिमटीत धरायला गेली. इतक्या जवळून आई काही चिमटीत मावेना.

"आई, लांबचं लहान दिसतं ना? मग तू शाळेत गेलीस की मी तुला केवढी दिसते?"