जगूकाकांची बाकपरीक्षा

आमच्या चिखले गावचे जगूकाका बागेत गेले की फुलांकडे ढुंकूनही बघत नाहीत. ते बाकं बघतात. बघतात म्हणजे काय, बसतात! आधी मधोमध, मग डाव्या टोकाला, मग उजव्या. शेवटी हात न टेकता उठून दाखवतात. कुणाला दाखवतात, देव जाणे. मग निकाल. 'सरस!' नाहीतर 'बोगस!' मधला शेरा त्यांच्याकडे नाही.

"काका, फुलं बघा की जरा!"

"डोळ्यांचं काय, ते कशालाही भुलतात. बूड कधी खोटं बोलत नाही."

२०१७ साली आमच्याजवळच्या एका जुन्या इराणी शेठच्या बंगल्याची डागडुजी झाली. जुने फोटो समोर ठेवून मागची बागही पुन्हा उभी केली आणि फाल्गुनात लोकांना खुली केली. काय सांगू! बोगनवेलीत फाटक दिसेना. पार टोकाला विहिरीपाशी पांढरा चाफा असा फुललेला, की तो बघायला वरोरहून, तलासरीहून माणसं यायची. आणि काका दर रविवारी माझ्या स्कूटरवर मागे बसून बाकं तपासायला यायचे. पेट्रोल मी जाळायचं आणि बसायचं यांनी!

एका रविवारी भानगड झाली. बंगल्याच्या मागच्या पायरीपासून विहिरीपर्यंत एकही बाक नाही, हे काकांच्या लक्षात आलं. झालं! वाटेच्या मधोमध, खडीवर, मांडी घालून बसले. लोक वळसा घालून जायला लागले. मुंबईहून आलेले व्यवस्थापक धावत आले.

"काका, जुन्या फोटोत इथे बाक नाहीये हो. होतं तसंच ठेवायचंय आम्हाला."

"फोटोतली माणसं तरणीताठी आहेत. त्यांना कशाला लागतंय बाक?"

"पण तुम्ही तर मस्त चालता!"

काकांचा आवाज एकदम खाली आला. "माझ्यासाठी नाही हो. आमच्या मंडळींसाठी."

म्हणजे कमलकाकी. न्हाणीत पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले चाला, पण मनात भीती बसली ती बसलीच. वर्षभर घराच्या ओट्याखाली उतरल्या नव्हत्या. 'वाटेत पाय लटपटले तर बसू कुठे?' हा एकच धोशा. काकांनी त्यांना शब्द दिला होता: चाफा फुललाय तोवर तुला विहिरीपर्यंत नेतो, वाटेत बसायची सोय बघून ठेवतो.

पुढच्या रविवारी तिथे बाक होतं. काकांनी तिन्ही जागी बसून पाहिलं. "सरस!"

चैत्रात काकी रिक्षाने आल्या. ठेवणीतली साडी, एका हातात काठी, दुसरा हात काकांच्या दंडावर. मी मागे.

"अगं, बाक आलं. बस."

"थांबा हो, जरा पुढे जाऊ."

"हे बघ, याची पाठ छान आहे."

"पुढे चला म्हणते ना!"

काका घामाघूम. बंगल्यामागे आलो आणि काकींनी चक्क त्यांचा दंड सोडला. काठी टेकत, मान वळवून फुलं बघत निघाल्या. नव्या बाकाकडे त्यांचं लक्षसुद्धा गेलं नाही.

काका मात्र त्यावर मटकन बसले.

"काका, चला की! पोचल्या बघा त्या."

"जाऊ दे तिला," काका म्हणाले. डोळे घळाघळा वाहत होते, पुसायचंही भान नव्हतं. "मला इथूनच बघू दे."

चाफ्याखाली पोचून काकी वळल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अहो, बसलात काय म्हाताऱ्यासारखे? या की!"